भांड्यावरचं नाव

आमच्या घरी तांब्याची एक वाटी आहे. तिची कल्हई कधीच उडाली, काठाला एक पोचा आला आहे आणि तिच्यात आता कुणी काही वाढत नाही. पण तिच्या पोटावर टोच्यानं टिंब टिंब पाडून अक्षरं काढली आहेत. पहिल्या ओळीत अम्मीचं नाव, दुसऱ्या ओळीत तिच्या वडिलांचं नाव आणि शेवटी १९६३ हे साल. ते तिच्या लग्नाचं साल. नाशिकच्या भांडी बाजारात तेव्हा दुकानाच्या पायरीशी नाव घालणारा बसलेला असायचा. भांडं विकत घेतलं की तो हातोडी उचलून विचारायचा, ‘काय नाव घालू?’ अम्मी सांगायची, तिच्या वडिलांनी त्याला दोनदा बजावलं होतं, ‘बाबा रे, काना-मात्रा चुकवू नकोस. लेकीचं नाव आहे.’

असं एखादं भांडं तुमच्याही घरी असेल. आत्यानं दिलेला तांब्या, मामाकडून आलेलं ताट, कुणाच्या बारशाची वाटी. आपल्याला वाटतं, ही आपल्याकडचीच रीत. मलाही तसंच वाटायचं. पण एकदा ग्रंथालयात जॉन मार्शल यांचा तक्षशिलेवरचा मोठा ग्रंथ चाळत होतो. १९५१ मध्ये निघालेले ते तीन जाड खंड. त्यात चांदीच्या भांड्यांची चित्रं होती आणि त्या भांड्यांवरच्या अक्षरांचं वाचन दिलं होतं. एका पेल्यावर लिहिलं होतं, हा पेला थावराचा मुलगा थिओडोर याचा. मालकाचं नाव, बापाचं नाव आणि पुढे चांदीचं वजन. मी पुस्तक मिटलं आणि मला घरची वाटी आठवली. दोघांमध्ये अंतर होतं सुमारे एकोणीसशे वर्षांचं.

हे पेले सापडले तक्षशिलेच्या सिरकप या भागात. आज ते ठिकाण पाकिस्तानात, रावळपिंडीजवळ आहे. मार्शल यांनी तिथे १९१३ ते १९३४ अशी एकवीस वर्षं उत्खनन केलं. सिरकप हे सरळ रस्त्यांचं, चौकोनी घरांचं शहर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात तिथे आधी शकांची आणि मग पार्थियनांची सत्ता होती. गोंडोफर्नेस हा त्यातला मोठा राजा. पेशावरच्या बाजूला तख्त-ए-बाही इथे त्याचा शिलालेख मिळाला आहे. त्याचं नाव मुळात इराणी, विंदफर्न. ‘फर्न’ म्हणजे राजाच्या ठायी असलेलं दैवी तेज. ते ज्याला लाभलं तो विंदफर्न. हा ‘फर्न’ शब्द लक्षात ठेवा, पुढे आपल्याला तो अगदी अनपेक्षित जागी भेटणार आहे.

आता हे पार्थियन कोण? आपल्या जुन्या ग्रंथांत आणि शिलालेखांत ज्यांना पल्हव म्हटलं आहे, तेच हे लोक. कॅस्पियन समुद्राच्या पूर्वेकडच्या मुलखात इ.स.पू. २४७ च्या सुमारास अर्साकेस नावाच्या सरदारानं या घराण्याचा पाया घातला. सिकंदराच्या ग्रीक वारसदारांकडून त्यांनी एकेक प्रांत घेतला आणि पुढे युफ्रेटिस नदीपर्यंत सत्ता नेली. इ.स. २२४ मध्ये ससानी घराण्याच्या अर्दशीरनं त्यांच्या राजाचा पराभव केला. म्हणजे जवळजवळ पावणेपाचशे वर्षांची राजवट. आपल्या रोजच्या बोलण्यातही त्यांची एक खूण आहे. पल्हवांवरून फारसीत ‘पहलवान’ शब्द आला. आधी पार्थियन, मग शूर योद्धा आणि आपल्याकडे येईपर्यंत पैलवान. कोल्हापूरच्या तालमीत अंगाला माती लावणारा पोरगा रोज पार्थियनांचं नाव घेतो, फक्त त्याला ते ठाऊक नसतं.

एवढ्या मोठ्या राजवटीनं स्वतःविषयी मात्र फार थोडं लिहून ठेवलं. किंवा लिहिलं असेल, ते उरलं नाही. त्यांच्यानंतर आलेल्या ससानींना त्यांची आठवण जपण्यात काही रस नव्हता. त्याचा परिणाम पाहायचा तर फिरदौसीकडे जावं लागतं. इराणच्या राजांची गाथा सांगणारा हा थोर कवी. त्याचा ‘शाहनामा’ इ.स. १०१०च्या सुमारास पूर्ण झाला. हजारो ओळींचा हा ग्रंथ, पण पार्थियनांपाशी आल्यावर तो मोजक्या ओळींत पुढे सरकतो. त्यांच्याविषयी आपण नावांपलीकडे काही ऐकलं नाही, असं तो प्रामाणिकपणे सांगून टाकतो. मी स्वतः कविता लिहितो, म्हणून मला त्या कबुलीचं फार वाटतं. पावणेपाचशे वर्षं राज्य केलं आणि आपल्याच देशाच्या महाकवीला त्यांची फक्त नावं मिळाली.

दुसरी हकीकत मिळते ती रोमन साम्राज्यातल्या लेखकांकडून, म्हणजे शत्रूच्या बाजूनं. इ.स.पू. ५३ मध्ये कऱ्हे इथे पार्थियन घोडदळानं रोमच्या क्रॅससचं सैन्य कापून काढलं. क्रॅसस मारला गेला. प्लुटार्क सांगतो की, त्याचं मुंडकं आणलं गेलं तेव्हा पार्थियन राजा ओरोडेस आर्मेनियाच्या दरबारात लग्नाच्या मेजवानीला बसला होता आणि समोर युरिपिडीजच्या ‘बाखाय’ या ग्रीक नाटकातला प्रवेश चालू होता. नटानं नाटकातल्या मुंडक्याच्या जागी ते खरं मुंडकं हातात घेतलं. हा प्रसंग रोमन साम्राज्यातल्या वाचकासमोर रानटीपणाचा नमुना म्हणून उभा राहतो. पण जरा थांबून पाहा. हे ‘रानटी’ लोक मेजवानीत ग्रीक नाटक पाहत होते. ते नाटक होतं डायोनिसस या द्राक्षांच्या आणि मद्याच्या देवाचं. आणि पार्थियन चांदीच्या भांड्यांवर सगळ्यांत जास्त वावर आहे तोही याच देवाचा.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात एक पार्थियन पेला आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला. आकार शिंगाचा. ग्रीक भाषेत अशा पेल्याला ‘रायटन’ म्हणतात. रुंद तोंडाकडून तो निमुळता होत वळतो आणि टोकाला एक रानमांजर झेप घेत बाहेर येतं. त्याच्या छातीभोवती द्राक्षाचा वेल गुंडाळला आहे, पेल्याच्या तोंडाशी आयव्हीच्या पानांची माळ आहे. छातीच्या मधोमध एक बारीक तोटी आहे. वरून मद्य ओतायचं, बोटानं तोटी धरायची आणि बोट काढलं की त्या जनावराच्या छातीतून धार सुटायची. मी मराठीत गझला लिहितो. दारूला आयुष्यात शिवलो नाही, पण जाम, साकी, सुराही यांच्याशिवाय माझं पान हलत नाही. त्या पेल्याचं चित्र पाहिलं आणि वाटलं, आपण इतकी वर्षं ज्या प्याल्याचं नुसतं नाव घेत आलो, त्याचा एक पूर्वज हा असा दिसत होता.

हे भांडं घडायचं कसं? चांदीचा पत्रा ऐरणीवर ठोकत न्यायचा. ठोकली की चांदी कडक होते, मग ती पुन्हा तापवून मऊ करायची, पुन्हा ठोकायची. हे किती वेळा, त्याला गणती नाही. नक्षीसाठी भांडं राळेच्या गादीवर धरायचं, आतून ठोकून उठाव आणायचा, बाहेरून छिन्नीनं पानाच्या शिरा आणि जनावराचे केस काढायचे. शेवटी सोन्याचा मुलामा. सोनं पाऱ्यात विरघळवून त्याचा लोण्यासारखा लगदा करायचा, तो चांदीवर माखायचा आणि भांडं तापवायचं. पारा वाफ होऊन उडून जातो, सोनं चांदीला धरून राहतं. उडून गेलेली ती वाफ कारागिराच्या छातीत जाते. पाऱ्याची वाफ विषारी असते.

इथे मला माझे मामू आठवतात. ते कल्हई लावायचे. अंगणात खड्डा करून भाता लावायचा, भांडं लाल होईतो तापवायचं, नवसागर टाकला की पांढऱ्या धुराचा लोट उठायचा आणि कापसाच्या बोळ्यानं कथील फिरवलं की भांड्याचं पोट चंद्रासारखं उजळायचं. आम्ही पोरं टाळ्या पिटायचो. तो धूर मामूंच्या खोकल्यात आयुष्यभर राहिला. शेकडो घरांची भांडी त्यांनी उजळली. प्रत्येक भांड्यावर कुणाचं ना कुणाचं नाव होतं, मामूंचं कुठेच नव्हतं. सिरकपच्या पेल्यांवरही मालकाचं नाव आहे, वजन आहे. घडवणाऱ्याला तिथे जागा मिळाली नाही.

वजन का लिहायचे, हेही सांगतो. चांदीचं भांडं म्हणजे ताटात मांडलेली शिल्लक. घरात लग्न निघालं, कर चढला, लढाई आली की भांडं वितळवायचं आणि त्याची नाणी पाडायची. म्हणून आधीच वजनाची नोंद. सिरकपच्या भांड्यांवर स्टेटर आणि द्राख्मा या ग्रीक मापांत वजन दिलं आहे, पण लिपी खरोष्ठी आणि भाषा प्राकृत. पार्थियन राजांचं नेहमीचं नाणंही द्राख्माच, साधारण चार ग्रॅम चांदीचं. एका बाजूला राजाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला धनुष्य घेऊन बसलेला तिरंदाज आणि भोवती ग्रीक अक्षरं. सुरुवातीच्या नाण्यांवर ही अक्षरं स्वच्छ वाचता येतात. पुढे पुढे ठसा कोरणाऱ्याला ग्रीक येईनासं झालं आणि राजाचं नाव म्हणजे नुसत्या उभ्या-आडव्या रेघा उरल्या. पहिल्या शतकात नाण्यांवर पार्थियन लिपीतली अक्षरं दिसू लागली, तेव्हा कुठे नाव पुन्हा वाचण्याजोगं झालं. तो द्राख्मा मात्र शब्दरूपानं टिकला. संस्कृतात द्रम्म, आपल्याकडे दाम आणि अरबांकडे दिरहम.

म्हणजे चांदीच्या भांड्याचं मरण त्याच्या किमतीतच असतं. मातीचं खापर कुणी वितळवत नाही. आजच्या तुर्कमेनिस्तानात अश्गाबादजवळ निसा इथे पार्थियनांचा जुना किल्ला आहे. २००७ मध्ये त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तिथे १९४८ मध्ये हस्तिदंताचे कोरीव रायटन सापडले. चांदीचं म्हणाल तर मुलामा दिलेल्या काही छोट्या मूर्ती हाती लागल्या. पण तिथली सगळ्यांत बोलकी गोष्ट म्हणजे अडीच हजारांहून अधिक खापरं. त्यांवर शाईनं मद्याचा हिशोब लिहिला आहे: कुठल्या मळ्यातून, किती माप, कुणी आणलं, कुठल्या साली. मद्याची पावती टिकली. ते ज्यातून प्यायलं गेलं असेल ती चांदी बहुतेक सगळी गेली.

मग सिरकपची चांदी कशी वाचली? ती पुरली गेली म्हणून. पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात वायव्येकडून कुशाणांचं सैन्य आलं. मार्शल यांचा निष्कर्ष असा की, त्या भीतीनं लोकांनी आपले दागिने आणि भांडी घराच्या जमिनीखाली दडवली. पेले, वाट्या, ताटल्या, पळ्या. त्यांतल्या एका सुरईवर मणिगुलाचा मुलगा जिहोणिक, चुक्ष प्रांताचा क्षत्रप, असं नाव आणि १९१ हे त्या वेळच्या एका संवताचं वर्ष आहे. हे लोक ‘वादळ शमलं की येऊन काढू’ म्हणून गेले असणार. आले नाहीत. आले असते तर ती भांडी पुन्हा वापरात गेली असती, कधीतरी वितळली असती आणि थावराच्या मुलाचं नाव आपल्यापर्यंत आलंच नसतं. आपल्या हाती लागलेला हा इतिहास कुणाच्या तरी परत न येण्यावर उभा आहे. संग्रहालयात काचेपलीकडची चांदी पाहताना हे मनातून जात नाही.

आणि एक गोष्ट अस्वस्थ करते. सिरकपचे पेले कुठल्या शहरात, कुठल्या थरात मिळाले, हे नोंदलेलं आहे. त्यामुळे थिओडोर हे ग्रीक नावाचं माणूस पार्थियन अमलाखालच्या गावात राहत होतं, आपलं नाव खरोष्ठीत लिहवून घेत होतं, एवढं आपण खात्रीनं बोलू शकतो. पण जगातली कितीतरी देखणी पार्थियन भांडी बाजारातून विकत घेतलेली आहेत. मेट्रोपॉलिटनकडे तो रानमांजराचा पेला १९७९ मध्ये आला. कॅलिफोर्नियातल्या गेटी संग्रहालयानं सिंह, हरीण, लिंक्स अशा जनावरांचे रायटन १९८०च्या दशकात घेतले. ते नेमके कुठल्या जमिनीतून निघाले, याची उत्खननाची नोंद नाही. घर होतं की देऊळ, कबर होती की खजिना? शेजारी काय होतं? चोरून खणणाऱ्याला फक्त चांदी हवी असते. तो भांडं उचलतो आणि त्याचा पत्ता तिथेच मातीत मिसळून टाकतो. मग अभ्यासकाला पानाच्या आकारावरून आणि जनावराच्या मिशीवरून अंदाज बांधत बसावं लागतं. भांडं वाचलं, पण ते अनाथ झालं.

याउलट नोंद असली की एकच वस्तू किती बोलते पाहा. १९८४ मध्ये इराकात, टायग्रिसकाठच्या सेल्युकियात हेराक्लिसची ब्राँझची मूर्ती मिळाली. तिच्या दोन मांड्यांवर एकच मजकूर दोन भाषांत कोरला आहे, एकीकडे ग्रीक आणि दुसरीकडे पार्थियन. इ.स. १५०-१५१ मध्ये पार्थियन राजानं मेसेन जिंकलं आणि ही मूर्ती तिथून आणून देवळात ठेवली, असा तो मजकूर. ग्रीक लेखात जो हेराक्लिस, तोच पार्थियन लेखात वरहगन. देव एक, नावं दोन. रोमन आणि ससानी या दोघांनीही जे सांगितलं नाही, ते पार्थियन स्वतःच्या तोंडानं या धातूवर बोलले.

आता तो ‘फर्न’ शब्द. त्यासाठी आपल्या घराजवळ यायला हवं. नाशिकच्या पांडवलेण्यांत तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा प्रसिद्ध लेख आहे. नातू पुळुमावीच्या राज्याच्या १९व्या वर्षी या मातेनं आपल्या मुलाचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा गौरव कोरवला. शक, यवन आणि पल्हव यांचा त्यानं नाश केला, असं त्यात अभिमानानं म्हटलं आहे. शाळेच्या सहलीत गुरुजींनी ती ओळ दाखवली, तेव्हा मला वाटलं, पल्हवांची गोष्ट संपली. पण त्याच पुळुमावीच्या २४व्या वर्षी, म्हणजे अवघ्या पाच वर्षांनी, कार्ल्याच्या डोंगरात एका उपासकानं भिक्षूंसाठी नऊ खोल्यांचा मंडप दान दिला. त्याचा लेख तिथे आहे. नाव हरफरण, बापाचं नाव सेतफरण, राहणार अबुलामा. ‘फरण’ म्हणजे तोच ‘फर्न’, गोंडोफर्नेसच्या नावातला. नावाच्या या ठेवणीवरून अभ्यासक हे बापलेक इराणी, बहुधा पार्थियन वंशाचे मानतात. एका लेखात पल्हवांचा नाश झाला आहे आणि दुसऱ्या लेखात बहुधा त्यांच्याच वंशातला एक माणूस, आपल्या बापाचं नाव सांगून, सह्याद्रीत खोल्या खोदवतो आहे. दोन्ही लेख खरेच आहेत. पहिला राजघराण्याचा आहे, दुसरा एका गृहस्थाचा. पण शाळेत आम्हाला पहिलाच दाखवला गेला.

म्हणून मला या नाव घातलेल्या भांड्यांचं मोल वाटतं. राजांच्या गौरवात माणसं ‘शक’, ‘यवन’, ‘पल्हव’ अशा गठ्ठ्यांत येतात. भांड्यावर माणूस एकटा येतो. अमक्याचा मुलगा तमका, आणि ही त्याची वाटी.

आमच्या घरची वाटी एकटीच का उरली, तेही सांगून टाकतो. तिच्याबरोबर एक मोठी देगची होती, परात होती, दोन हंडे होते. सगळ्यांवर तेच नाव. १९८४ साली घरोघर तांबं-पितळ मोडीत देऊन स्टील घ्यायची लाट होती, आम्हीही घेतलं. अम्मीबरोबर मी गेलो होतो. दुकानदारानं देगची काट्यावर टाकली, वजन सांगितलं आणि मागच्या ढिगात फेकली. अम्मी म्हणाली, ‘नाव है उसपे.’ तो हसून म्हणाला, ‘भाभी, नावाला भाव नाही.’ अम्मी काही बोलली नाही. पण पिशवीत हात घालून तिनं ही वाटी परत घेतली आणि पदराखाली धरून घरी आणली.

परवा माझ्या पुतणीनं ती हातात घेऊन विचारलं, ‘चाचा, हे कुणाचं नाव?’ मी सांगितलं. ही भांडी बाजारात घेतली, हिच्यावर तुझ्या पणजोबांनी नाव घालून घेतलं, हिला कल्हई लावली ती मामूंनी. तिनं ते सगळं एका कागदावर लिहिलं, चार घड्या घातल्या आणि कागद वाटीत ठेवला. मामूंचं नाव त्या कागदावर आहे.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)